सांडलवंड

शिंप्याने खुराड्यापुढे उकिडवं बसून जमिनीवरून तळहात फिरवला. हाताला माती लागली, एक पीस लागलं, पण खाद्याचा कण म्हणून लागला नाही.

"बघ, आहे का कुठे काही?" तो बायकोला म्हणाला.

बायको मागच्या दारात कपडे पिळत होती. "नाही हो. कोंबड्यांनासुद्धा शिस्त लावलीत," ती म्हणाली आणि हसली.

शिंप्याला कुठलीही नासाडी बघवत नसे. उरलेल्या तुकड्यातून अख्खी बाही काढणारा माणूस तो. आणि इथे, आधी, त्याच्या डोळ्यांदेखत कोंबड्या भरड खाद्यातला मका तेवढा वेचायच्या, बाकीचं चोचीने उडवून मोकळ्या व्हायच्या. अर्धं पोटात, अर्धं मातीत. दिवेलागणीला कोंबड्या आत गेल्या की भिंतीकडेने उंदीर यायचे आणि सांडलेलं निवांत खात बसायचे. आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय, असा सगळा कारभार.

खाद्यवाल्याने त्याला उपाय सांगितला. "गोळ्यांचं खाद्य न्या. सगळं एकाच गोळीत, त्यांना निवडायला काही उरत नाही. आणि भांडं कोंबडीच्या पाठीइतकं उंच टांगा, काठोकाठ भरू नका." शिंप्याने घरी येऊन मोजपट्टी काढली आणि एकेका कोंबडीचं माप घेतलं. असं चुळबुळं गिऱ्हाईक त्याला जन्मात भेटलं नव्हतं. माप मात्र बरोबर निघालं. सांडलवंड थांबली. उरलेलं खाद्य त्याने पत्र्याच्या पिंपात भरलं, वर घट्ट झाकण लावलं. थोड्याच दिवसांत उंदीर दिसेनासे झाले.

कोंबड्या पाळल्या होत्या त्या आईसाठी. ती मागच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली. वेळ जावा म्हणून तिची खाट खिडकीशी लावली होती, तिथून खुराडं दिसायचं. साखरेच्या आजाराने तिचे पाय गुडघ्याखाली बधिर झाले होते. तिला तपासायला येणाऱ्या नर्सबाईंनी शिंप्याला बाजूला घेऊन बजावलं होतं, "पायाला साधा ओरखडाही उठू देऊ नका. त्यांना कळायचं नाही आणि तो भरून यायचा नाही." तेव्हापासून रोज सकाळी तो आईचे तळवे हातात घेऊन बघायचा, लहान मुलाचे बघावेत तसे.

"उंदीर दिसत नाहीत रे हल्ली," आई एकदा म्हणाली.

"पोट भरेना, गेले गाशा गुंडाळून."

"गेले म्हणजे कुठे तरी गेलेच असतील की," आई म्हणाली आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागली.

मग न्हाणीतल्या साबणावर दातांचे चरे दिसले. फडताळातली मेणबत्ती निम्मी झाली. एका गिऱ्हाइकाचा कोट शिवून टांगला होता, त्याच्या कॉलरीतलं खळीचं कापड नेमकं कुरतडलेलं निघालं. शिंपी बायकोला म्हणाला, "एखादाच असेल, वाट चुकलेला." त्याने पिंजरा लावला. सकाळी पिंजऱ्यातला पाव गेला होता आणि पिंजरा रिकामा होता.

संध्याकाळी बायको म्हणाली, "अहो, मूठभर खाद्य टाकू या का बाहेर? पहिल्यासारखं?"

"म्हणजे मी चोरांना पंगत वाढू?" शिंपी उखडला. पिंपाचं झाकण त्याने स्वतःच्या हाताने दाबून पाहिलं. ते पक्कं बसलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी आई नेहमीपेक्षा उशिरा जागी झाली. चेहरा ताजातवाना होता. "आज कशी गाढ झोप लागली बघ," ती म्हणाली.

शिंप्याने पायावरची चादर बाजूला केली. आतून ती ओली होती. उजव्या अंगठ्याचं टोक जागेवर नव्हतं.

"काय रे, एवढं काय बघतोस?"

त्याने चादर पुन्हा पायावर ओढली. बायको नर्सबाईंकडे धावली. नर्सबाई आल्या, त्यांनी जखम धुतली, पट्टी बांधली आणि त्याला दाराबाहेर नेऊन हळूच म्हणाल्या, "आज डॉक्टर गावात नाहीत, उद्या सकाळीच दवाखान्यात न्या. अंगठ्याचं सोडा, पाय वाचतो का बघू." आत आई विचारत होती, कोंबड्यांना खायला घातलं का.

दिवेलागण झाली. बायको आईच्या उशाशी काठी घेऊन बसली. शिंपी मागच्या अंगणात आला, त्याने पिंपाचं झाकण उचकटलं आणि ओंजळी भरभरून खाद्य मातीत उधळायला सुरुवात केली. भिंतीकडेने टाकलं, खुराड्याभोवती टाकलं, पार कुंपणापर्यंत टाकत गेला. ज्याला चिमूटभर सांडलेलं खपत नव्हतं, त्या माणसाने अख्खं पिंप उपडं केलं. त्याला रडू येत होतं आणि तो ते आवरत नव्हता.

बायकोने खिडकीतून पाहिलं. "अहो, काय करताय? कोंबड्या केव्हाच आत गेल्या!"

"कोंबड्यांना नाही घालत," तो म्हणाला.

मग तो पायरीवर बसून राहिला. हीच त्यांची यायची वेळ होती. घरात माळ्यावर खुडबूड झाली, काहीतरी आईच्या खोलीच्या दिशेने धावत गेलं. अंगणात मात्र एकही उंदीर उतरला नाही. त्यांना आता दाणे नको होते.