बोका

दोन हजार एकोणीस साली धान्याचं तीनमजली गोदाम भरदुपारी खाली बसलं. आत हमाल अडकले. त्यांतल्या एकाची आई दुसऱ्या दिवशीही ढिगाऱ्यापासून हलायला तयार नव्हती.

मदतीला आलेल्या एका इंजिनीअर मुलीने पाटी भरून यंत्रं आणली. साबणाच्या वडीएवढी, करडी, खेळण्यातल्या मोटारीची चाकं लावलेली. फटींतून ती आत सोडायची. एकाला माणसाची ऊब लागली की ते बाकीच्यांना कळवणार, सगळी तिथे गोळा होणार, मग तिथे खणायचं. दिवा नाही, आवाज नाही. तेवढाच खर्च वाचतो आणि पुष्कळ बनवता येतात, असं तिने म्हातारीला समजावलं.

म्हातारीने एक उचलून पाहिलं. मागे तार लोंबत होती.

"उंदरासारखीच आहेत गं मेली. आमच्या पोराला इथे बोका म्हणतात. खसफस ऐकली की हाताला येईल त्याने ठेचतो."

मुलगी हसली. म्हातारीही हसली, कालपासून पहिल्यांदाच.

ऊन कलताना मागच्या भिंतीकडे गेलेलं एक यंत्र मुकं झालं. मुलीच्या हातातल्या पडद्यावरचा त्याचा ठिपका विझला. त्याच सुमारास पुढच्या अंगाला बरेच ठिपके जवळजवळ आले. क्रेन एकच होती.

म्हातारीने मागे बोट दाखवलं. "तिकडचं का थांबलं?"

"स्वस्तातला माल, मावशी. एखाददुसरं मरतंच. पुढे माणसं आहेत."

होतीच. मुकादम आणि त्याचा पुतण्या जिवंत निघाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारीनेही वाजवल्या.

मागची भिंत उचलेपर्यंत आठवडा उलटला. बोका पोत्यांच्या कपारीत बसलेला सापडला. अंगावर फारशी जखम नव्हती. हातात विटेचा तुकडा होता, पायाशी चेचलेलं यंत्र. म्हातारीने आधी त्याच्या हातातली वीट सोडवली.

मुकादमाने पुढे दुसरीकडे काम धरलं. पुतण्या अजून दार लावून झोपत नाही. मुलगी यंत्रं बनवते. आता ती जरा महाग पडतात, कारण प्रत्येकात एक दिवा असतो आणि एक आवाज. त्या आवाजासाठी ती म्हातारीच्या घरी गेली होती. काय बोलायचं ते तिने सांगितलं नाही, म्हातारीने विचारलंही नाही.

म्हातारी आता नाही. पण कुठे काही कोसळलं की ढिगाऱ्याखालच्या अंधारात ती अजून बोलते, "मारू नकोस रे बाळा. तुला न्यायला आलंय ते."