बंद केलेले दुखणे

डॉक्टरांनी बरगडीखाली दाबले, तरी द्वारकाबाईंना काहीच जाणवले नाही.

“आजी, पित्ताशय सुजून यकृताकडे जाणाऱ्या शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे. इतके दिवस दुखले नाही?”

“दुखत होते. सोमवारी एकाएकी थांबले. मला वाटले, बरे झाले.”

सून मंजिरी खिडकीबाहेर पाहू लागली. बाईंच्या मानेत बसवलेली, वेदना मेंदूपर्यंत पोहोचवणारी चकती तिनेच मोबाईलवरून बंद केली होती.

“चकती मीच बंद केली. तुमचे कण्हणे ऐकवत नव्हते,” ती म्हणाली.

“औषध देतो,” डॉक्टर म्हणाले, “पण गुठळी वाढून आतड्याचे रक्त अडले, तर आधी दुखण्यानेच कळेल.”

“चालू कर,” बाईंनी फर्मावले.

“सोसणार नाही तुम्हांला.”

“माझे मी सोसेन. तू उशाशी बसून ऐकायचेस.”