घोंगडीचं दर्शन

सासरे म्हस्कूआबांनी मागावर विणलेली घोंगडी रेश्मानं ऑनलाइन दुकानात ठेवली. घोंगडी शोधली की आधी गिरणीतल्या ब्लँकेटांची रांग यायची. आबांची घोंगडी रोज खाली सरकायची. शेवटी तिनं त्या दुकानाच्या कंपनीला फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, तुमची घोंगडी रोज शेकडो लोक उघडून बघतात, पण घेत कुणीच नाही. ती लोकांना आवडत नाही, असं धरून सिस्टीम तिला मागं टाकते." रेश्मा चक्रावून अंगणात आली. आबांनी धोतराला बोट पुसलं, मोबाइलवर घोंगडी उघडली, हात जोडले, बंद केली. "कऱ्हाटीपास्नं इंदापूरपातुर सगळ्या भावकीला सांगितलंय, पोरी. रोज सकाळी उघडून बघायची. एवढी माणसं बघत्यात, वर यायलाच पायजे." त्यांनी आशेनं रेश्माकडं बघितलं. "आली का वर?" तिनं नकारार्थी मान हलवली. आबांनी लगेच फोन लावला. "पावणं, उद्यापास्नं सांजच्यालाबी बघा."