भाषेचा रकाना

“मग ‘इतर’ लिहू?” कंपनीच्या अधिकाऱ्याने माउसवरचं बोट उचललं.

“इतर कोण? आम्ही?” नणंदेने विचारलं. ती गाणारी. शेजारी पेटी मांडीवर घेऊन बसलेली तिची भावजय, ती वाजवणारी. दोघींची बारा गाणी आजपासून जगभर विक्रीला जाणार होती. शब्द भावजयीच्या नवऱ्याचे, म्हणजे नणंदेच्या थोरल्या भावाचे. तो दोन वर्षांपूर्वी गेला. मोठ्या भाषेत लिही, नाव होईल, असं सांगून सांगून लोकांचे घसे बसले, पण तो पठ्ठ्या जागचा हलला नव्हता.

भिंतीवर जगाचा नकाशा होता. जिथे फोनवरून गाण्यांची विक्री वाढली ते देश हिरवे केले होते. थंड देश, गरम देश, नखाएवढासुद्धा न दिसणारी बेटं, सगळं हिरवंगार. अधिकारी त्याच्याकडे स्वतःचं शेत असल्यासारखा कौतुकाने बघे.

अडलं होतं एका रकान्यापाशी. भाषा. संगणक यादी दाखवत होता, तिच्यातली एक निवडायची होती. यादीत सत्तर भाषा होत्या. यांची नव्हती. रकाना रिकामा ठेवला तर गाणी पुढे सरकत नव्हती. बारा वाजता नोंदणी बंद होणार होती आणि पुढची पाळी थेट वर्षाने. घड्याळात पावणेबारा झाले होते.

“इतर नको, तर शेजारची मोठी भाषा टाकू. लांबच्या देशात कोणाला काय कळतंय?”

“दादाने जन्मभर जिला हात लावला नाही, ती आता त्याच्या नावापुढे चिकटवू?” नणंद म्हणाली.

“बरं, मग ‘शब्द नाहीत’ असं टाकतो. नुसतं वाद्यसंगीत. त्याला भाषा लागतच नाही.”

भावजय मुळातच अबोल; पेटी बोलते तेवढं पुरे, असं म्हणून घरचे तिला चिडवत. पण हे ऐकून तिच्या अंगाचा तिळपापड झाला. शब्द नाहीत? एकेका शब्दापायी ज्याने रोज ताट गार केलं, त्याच्या गाण्यांत?

तेवढ्यात फोन वाजला. मुख्य कचेरीचा होता; या भाषेचं काय करायचं, हे त्याने मघाशीच तिथे विचारून ठेवलं होतं. अधिकारी खुर्चीत ताठ झाला. मोठ्या भाषेत चार वेळा ‘होय साहेब’ म्हणाला आणि फोन ठेवून दोघींकडे वळला.

“हे बघा मावशी, आता डोकं नका खाऊ. अशी भाषाच नाही, असं वरून स्पष्ट सांगितलंय. आईशप्पथ, माझ्या हातात काही नाही.”

नणंद उठली. “चला वहिनी. यांचं जग यांनाच लखलाभ.”

भावजयीने तिचा हात धरून तिला खाली बसवलं. मग पेटी उचलली आणि टेबलावर ठेवली, बरोबर अधिकारी आणि संगणक यांच्या मधोमध.

“बारा वाजू देत, नाहीतर तेरा. आम्ही इथून उठत नाही,” ती म्हणाली. “एवढंच सांगा साहेब, अशी भाषा नाही, हे मघापासून तुम्ही आम्हाला कोणत्या भाषेत सांगताय?”