कापसाचे बोळे

खुर्चीत आडवं होऊन नव्या पेशंटनं तोंड उघडलं आणि पुढच्या तुटक्या दातावरून मी माझी बालमैत्रीण ओळखली. चौथीत असताना शाळेच्या जिन्यावरून मीच तिला ढकललं होतं आणि बाईंना मीच पुढे होऊन सांगितलं होतं, “धावताना पडली ही.” त्यानंतर ती माझ्या बाकावर कधी बसली नाही. पेशंटचं तोंड अडकलेलं असताना बडबडायची मला सवयच आहे. तिच्या तोंडात कापसाचे बोळे ठेवले, तुटका कोपरा भरायला घेतला आणि मास्कआडून सगळं कबूल केलं. माफीही मागितली. ती छताकडे बघत राहिली. काम संपल्यावर बोळे काढले. तिनं चूळ भरली, दिलेला आरसा बघितलाही नाही. “काहीतरी बोल ना,” मी म्हणाले. पर्स उचलत ती म्हणाली, “तेव्हा माझं तोंड रक्तानं भरलं होतं, आज कापसानं. दोन्ही वेळा तूच बोललीस.”