एक नग, एक खिळा

रविवारी सकाळी दारात टेम्पो उभा होता आणि गुंडूराव कस्तुरीला त्रिकोण शिकवत होते. मुद्दाम सावकाश शिकवत होते.

वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंचं सामान जिन्यावरून खाली येत होतं. कस्तुरीच्या आईला, आसावरीला, बोम्मसंद्र्याला नवी नोकरी लागली होती. इथून, राजाजीनगरहून, ते म्हणजे शहराचं दुसरं टोक, मेट्रो बदलून दीड तास. कस्तुरी आता सहावीत होती. चौथीपासून दर रविवारी गणिताची वही घेऊन खाली यायची. गुंडूरावांना ती इथल्या कानडी रीतीने अज्जा, म्हणजे आजोबा, म्हणायची. बायको गेल्यापासून गुंडूरावांच्या घरात बोलणं व्हायचं ते तेवढंच. आज धडा संपला तर पुढच्या रविवारी यायला पोरीला कारण उरत नव्हतं. तेव्हा धडा संपू द्यायचाच नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. पीण्या भागातल्या पत्र्याच्या कारखान्यात पस्तीस वर्षांत एकही साचा उशिरा न दिलेला हा माणूस आज चक्क वेळ काढत होता.

भिंतीवर ओळीने तीन खिळे होते. प्रत्येकावर पत्र्याचा एक त्रिकोण, कडा कानशीने घासून गुळगुळीत केलेला. पहिला समभुज, तिन्ही बाजू सारख्या. दुसरा समद्विभुज, दोन सारख्या. तिसरा विषमभुज, त्याची एकही बाजू दुसरीशी जुळत नव्हती. तिन्ही त्यांनी कस्तुरीसाठीच कापले होते.

"कुठला त्रिकोण कोणता, सांग. पट्टी लावायची नाही."

कस्तुरीने समद्विभुज वहीवर ठेवला, भोवती पेन्सिल फिरवली. मग तो उचलून पालथा केला आणि त्याच रेघांत ठेवला. नीट बसला. विषमभुज पालथा केल्यावर काही केल्या बसेना, एक कोपरा बाहेर यायचाच. साचा तपासायची ही कारखान्यातली रीत, आणि ती तिला पहिल्याच दिवशी जमली होती.

"आलं मला, अज्जा."

"स्वल्प, जरा थांब. परत एकदा कर."

"चार वेळा केलं!"

जिन्यावरून आसावरीची हाक आली. "कस्तुरी, दहा मिनिटं हं!"

 आता काय काढावं म्हणून गुंडूराव डोकं खाजवत होते, तोवर कस्तुरीने आपणहून समभुज उतरवला. रेघ मारली, पालथा केला. बसला. फिरवून पुन्हा पालथा केला. तरी बसला.

"अज्जा, हापण बसतो. म्हणजे हापण समद्विभुजच की."

"छे! तो समभुज. त्याचा खिळा वेगळा आहे."

"पण याच्या दोन बाजू सारख्या आहेत ना?"

"तीन आहेत."

"तीन आहेत म्हणजे दोन आहेतच! तिसरी जास्तीची. मिसपण म्हणाल्या, कमीत कमी दोन पाहिजेत."

गुंडूराव चिडले. एक नग, एक खिळा, या नियमावर त्यांनी सगळी नोकरी काढली होती. एकाचा साचा दुसऱ्याच्या खिळ्यावर गेला की भलताच पत्रा कापला जायचा आणि साहेबांची बोलणी खावी लागायची.

"एक नग दोन खिळ्यांचा होत नाही, पुट्टी. एक तर या घरातला, नाही तर त्या."

"का? मी आईची आहे, म्हणून तुमची नाही का?"

ती हे सहज बोलली आणि पेन्सिलीला टोक करायला लागली.  समजलं गुंडूरावांना. लख्ख समजलं. पस्तीस वर्षं साचे पालथे करून बघितले आणि एवढी साधी गोष्ट दिसली नाही, याची लाजही वाटली.

आसावरी दारात आली, खांद्याला बॅग, हातात कुलूप. "निघतो काका. झाला का हिचा धडा?"

"हिचा झाला," गुंडूराव म्हणाले. "माझा राहिला. हे दोन खिळ्यांचं काही माझ्या डोक्यात शिरत नाही."

कस्तुरीने कपाळाला हात लावला. तिच्या चुकलेल्या गणितांवर ते स्वतः लावायचे, अगदी त्याच आविर्भावात.

"आई, अज्जांना येतच नाहीये! मी पुढच्या रविवारी येऊन समजावते."

"बघू हं, आधी सामान तर लागू दे," आसावरी म्हणाली. तिचं लक्ष टेम्पोकडे होतं.

"सरी, सरी, चालेल," गुंडूराव म्हणाले. "सावकाश या."

टेम्पो वळणावरून दिसेनासा झाला. ते आत आले. वर पावलं वाजत नव्हती, नळ वाहत नव्हता. घर खायला उठलं होतं.

कस्तुरी वहीतलं रेघांचं पान फाडून ठेवून गेली होती, त्यावर समभुज तसाच पडला होता. त्यांनी तो उचलला आणि मधल्या खिळ्यावर, समद्विभुजाच्या पुढ्यात अडकवला. छान राहिला. कुणाला काही अडचण झाली नाही. 

मग त्यांनी तो उतरवून परत पहिल्या खिळ्याला लावला. रविवारपर्यंत त्यांना ते समजून चालणार नव्हतं.