भाऊबीजेची साडी

द्वारकाबाईनं दाखवायला आणलेल्या भाऊबीजेच्या साडीचा पदर मॅडमनी बोटांत चोळून पाहिला. "छान आहे. शनिवारी कार्यक्रमाला हीच नेसून ये. तुला स्टेजवर बोलवायचंय."

प्रयोगशाळेतल्या बाटल्या धुणारी ती बाई नुसती हरखून गेली. तसा मान होताच तिचा. कचरा डेपोशेजारच्या डबक्यात प्लॅस्टिकच्या बाटल्यांना भोकं पडतात, हे तिनंच पाहिलं होतं आणि डबाभर चिखल मॅडमना आणून दिला होता. त्या चिखलातल्या जंतूपासूनच मॅडमनी प्लॅस्टिक खाणारं एन्झाइम घडवलं होतं.

शनिवारी तिनं साडीची घडी मोडली. भावालाही बोलावून मागच्या रांगेत बसवलं. नाव पुकारताच पदर सावरत ती स्टेजवर गेली. टेबलावर शाल आणि नारळ होता. तिनं आपसूक मान झुकवली.

मॅडमनी कात्री उचलली. "पॉलिएस्टर म्हणजे प्लॅस्टिकच! आमच्या बाईंची साडी अस्सल पॉलिएस्टर आहे," असं पाहुण्यांना सांगत त्यांनी पदराचा वीतभर तुकडा कापून एन्झाइमच्या बरणीत सोडला. "मॅडम, भावानं दिलेली..." हे तिचे शब्द टाळ्यांत बुडाले. सगळे वाजवतात म्हणून भाऊही वाजवत होता.

जेवणं उरकेपर्यंत तुकडा पार विरघळला. मग शाल मॅडमच्या खांद्यावर पडली.

उरलेला पदर मुठीत धरून द्वारकाबाई दाराशी पोचली, तेवढ्यात मागून हाक आली.

"अगं, सोमवारी दिल्लीचे पाहुणे येणार आहेत. हीच नेसून ये." मॅडमनी नजरेनंच साडी मोजली. "पुष्कळ उरलीय अजून."